घर आज लहान बांधा, नकाशा मात्र पुरा काढा



सोयाबीन विकलं, उसाचं बिल जमा झालं की आपल्याकडे घराचा विषय निघतो. धाकट्याचं लग्न ठरलेलं असतं, थोरल्याची पोरं शाळेत जायला लागलेली असतात, आईचे गुडघे धरलेले असतात. मग मिस्त्रीला बोलावणं जातं. तो पावलांनी जागा मोजतो, फक्कीनं रेषा मारतो आणि विचारतो, "दादा, किती खोल्या काढायच्या?" माझ्या मते हा नंतरचा प्रश्न आहे. त्याआधी घरातल्या सगळ्यांनी, बायकांसकट, बसून ठरवायला हवं की वीस वर्षांनी या जागेवर किती चुली असतील. पैसे आज एका खोलीचे असोत की तीन खोल्यांचे, नकाशा मात्र वीस वर्षांनंतरच्या घराचा काढून घ्यायचा.

हे सांगताना लांबचा दाखला द्यायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जो भूकंप झाला, त्यानंतर लातूर आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातली मिळून 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घराचं माप शेतीवरून ठरलं होतं. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यापुढे 750. घर मजबूत, पण कुटुंब काही त्या मापात राहत नाही. मुलं मोठी झाली, सुना आल्या, वाटण्या झाल्या. कुणी पुढे पत्रे टाकले, कुणी मागे चुलीपुरती खोली काढली. काहींनी तर स्लॅबखाली झोप लागेना म्हणून सुरुवातीलाच शेजारी शेड घातलं. सास्तूर, होळी, पेठसांगवी या भागात फिरलात तर वाढवलेल्या घरांत मूळ घर शोधावं लागतं. घरं वाढली त्यात वावगं काहीच नाही. पण मूळ घर भूकंपाचा हिशोब करून बांधलेलं आणि वाढीव भिंत नुसती विटेला वीट लावून उभी केलेली, असं झालं की धोका त्या वाढीव भागात येऊन बसतो.

आज प्रधानमंत्री आवास योजनेत गावाकडचं घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फुटांचं असतं. तेव्हाच्या सगळ्यात लहान घराचं माप जवळजवळ तेच होतं आणि पुढचा प्रश्नही तोच. घरकुल मंजूर झालेल्यांना माझं एकच सांगणं आहे, ते प्लॉटच्या मधोमध बांधू नका. एका कोपऱ्याला घ्या. पुढची खोली कोणत्या बाजूला लागणार, तिचं दार कुठून निघणार, हे आजच ठरवा आणि त्या भिंतीत दाराच्या मापाची जागा वर लिंटेल टाकून विटांनी बुजवून ठेवा. उद्या भिंत फोडायची वेळ आली तर नुसत्या विटा काढायच्या, वरचा भार लिंटेलवर राहतो.

आता पाया. जुन्या लोकांनी गाव पांढरीवर वसवलं आणि काळी शेतीला ठेवली. आता गावठाणात जागा उरली नाही, रस्त्याकडेचे प्लॉट काळ्या रानात पडतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं घर त्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली की लोक सिमेंटला नावं ठेवतात, दोष बहुतेक वेळा पायाखालच्या मातीचा असतो. बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, तिथे चिंता नाही. तेरणा-मांजरेच्या काठाला मात्र काळी माती खोल असते. खणून मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत जाच. लागतच नसेल तर अंडर-रीम्ड पाइल नावाचा पाया असतो, खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं तो अशाच मातीसाठी विकसित केला. इथे मात्र इंजिनियरचा सल्ला घ्या, अंदाजानं खड्डे घेऊ नका. आणि घराभोवती तीन फुटांचा उताराचा कोबा कराच, म्हणजे पावसाचं आणि मोरीचं पाणी पायात मुरणार नाही. शोषखड्डाही पायापासून किमान दहा फूट लांब घ्या.

आता वजन. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. जितकं घर जड, तितका जास्त. आपली माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची घरं उन्हाळ्यात फार गार असायची, हे मीही मान्य करतो. पण दर वर्षी गळतीवर नवी माती पडत गेली. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टन वजन. साडेचार इंची स्लॅब पावणेतीन टनांच्या आत बसतो. शिवाय दोन-अडीच फुटी दगडी भिंती मातीत रचलेल्या. आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारा आरपार दगडच नाही, म्हणून भूकंपात त्या उकलल्या. ज्यांच्याकडे अजून माळवद आहे त्यांनी वरची माती कमी करावी, भिंतींत आरपार दगड बसवून घ्यावेत आणि छताच्या पातळीला चारी भिंती फिरून बांधणारा पट्टा घ्यावा. त्या भिंतीवर मजला मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी चढवायचा नाही.

हलकं बांधणं आपल्याला नवं नाही. तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे आणि तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात. आज तशी वीट मिळणार नाही, पण आतल्या आडभिंतींना हलके ब्लॉक वापरले तर इमारतीचं वजन बरंच उतरतं.

मजला पुढे चढवायचा असेल तर कॉलम आणि फूटिंग आजच दोन मजल्यांच्या हिशोबानं घ्या. वरचा मजला आयुष्यभर झाला नाही तरी चालेल, पण एका मजल्याच्या कॉलमवर दुसरा चढवणं चालणार नाही. आपल्या गावांत स्लॅबवर गंजलेल्या सळया आकाशाकडे तोंड करून वर्षानुवर्षं उभ्या दिसतात. सळई ठेवायची तर 12 मिलिमीटरची किमान दोन फूट ठेवा आणि तिच्याभोवती कच्च्या, कमी सिमेंटच्या काँक्रिटचा ठोकळा घाला. दहा वर्षांनी तो फोडला की आत सळई शाबूत असते. कॉलमच्या रिंगांकडे तुम्ही स्वतः वाकून बघा. रिंगेचं टोक आत, काँक्रिटच्या गाभ्यात वळलेलं हवं, नुसतं काटकोनात दुमडलेलं नको. काटकोनातली रिंग धक्क्यात उघडते आणि कॉलम फुटतो. सेंट्रिंगवाला म्हणेल, इतकं कोण बघतं? तुम्ही बघा. स्लॅब पडल्यावर कुणालाच दिसणार नाही.

रस्त्याकडेला घर असलं की खाली गाळे, वर राहायचं, ही आता धाराशिव-तुळजापुरात रीतच झाली आहे. पुढची सगळी बाजू शटरची, भिंत नाहीच, आणि वर भिंतींनी भरलेला मजला. 2001च्या भुज भूकंपात अहमदाबादमध्ये तळमजला मोकळा ठेवलेल्या इमारती अशाच बसल्या. गाळे काढायचे तर इंजिनियरला तसं सांगून तळमजल्याचे कॉलम जाड करून घ्या, आणि मागच्या-बाजूच्या भिंती पुऱ्या ठेवा.

जिना बाहेरून घ्या. आज गैरसोय वाटेल, पाऊस लागेल, पण उद्या वरचा मजला भावाला द्यायचा किंवा भाड्यानं लावायचा झाला तर कुणाच्या माजघरातून कुणाला जावं लागत नाही. भावाभावांतली निम्मी भांडणं या जिन्यावर मिटतात, असं माझं मत आहे. आईवडिलांची खोली खाली, संडास-न्हाणीला लागून, मध्ये उंबरा नको. जिना, न्हाणी, धान्याची खोली पश्चिमेला ढकला, दुपारचं ऊन त्यांनी झेलावं. झोपायच्या खोल्या तापणार नाहीत.

जुन्या घरालाच नवीन खोली जोडत असाल तर दोन्ही भिंती एकमेकींना चिकटवू नका. इंचभर फट ठेवा आणि वरून पत्र्याची पट्टी मारा, पट्टी एकाच बाजूला ठोकायची. दोन वेगळ्या वयाची बांधकामं वेगवेगळी हलतात.

पाण्याचं बोलायलाच हवं. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर 65 हजार लिटर पाणी होतं. त्यातलं सगळं हाती लागत नाही, तरी पन्नास हजार लिटर धरायला हरकत नाही. टाकी जोत्याच्या वेळीच बांधा, नंतर खणायला अंगण उरत नाही. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची तोटी स्लॅबवरून टाकीत येणाऱ्या पाइपाला ठेवा. बांधकामालाही पाणी लागतंच. म्हणून स्लॅब शक्यतो दिवाळीनंतर टाका, विहिरीला पाणी असतं आणि ऊनही बेताचं. मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर स्लॅब टाकला की पाणी मारायला हात आखडतो. गोणपाट अंथरून किमान आठ-दहा दिवस तो ओला राहायला हवा.

कागदांचं थोडक्यात. गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ तुमच्या नावाचा आहे का बघा, रानातला प्लॉट असेल तर तो बिनशेती झाला आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा.

आणि शेवटी, स्लॅब आणि गिलावा होण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कोणत्या भिंतीत वायरचा पाइप गेला, कोणत्या कोपऱ्यात किती सळया आहेत, टाकीचं झाकण कुठे येतं. फोटो काढताना शेजारी टेप धरा, म्हणजे माप दिसेल. नकाशाच्या दोन प्रती करा, एक घरात आणि एक लेकीच्या सासरी ठेवा. वीस वर्षांनी वरचा मजला चढवायला जो मिस्त्री येईल, तो आजचा नसेल. त्याच्या हाती हे कागद द्यायचे आहेत.