प्रवाळांभोवतीचे स्पंज

सावंगी (मेघे) सारख्या समुद्रापासून दूरच्या गावात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय राखायचे, तर शुद्ध पाण्यात सागरी मीठ मिसळून समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते, आणि अशा टाकीत प्रवाळांभोवती स्पंज फोफावू लागल्यास त्याचे कारण आधी त्या पाण्यातच शोधावे लागते. स्पंज ही वनस्पती नसून, अंगावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत ओढून त्यातील जिवाणू व सेंद्रिय कण गाळून खाणारा तो प्राणी आहे. म्हणून माशांना गरजेपुरतेच खाद्य देणे हा पहिला उपाय होय.

खडकाआड सावलीत वाढणारे स्पंज बहुधा निरुपद्रवी असतात व पाणी गाळण्यास हातभार लावतात. मात्र प्रवाळाच्या जिवंत ऊतींवर पसरणारे, किंवा क्लायोना वंशातील स्पंजांप्रमाणे त्याचा चुनखडीचा सांगाडा पोखरणारे स्पंज घातक ठरतात. सुटलेल्या तुकड्यांतून नवा स्पंज वाढू शकत असल्याने, असे स्पंज असलेला खडक टाकीबाहेर, टाकीचेच पाणी भरलेल्या भांड्यात ठेवून खरवडावा. मेलेला स्पंज कुजल्यास विषारी अमोनिया वाढतो, म्हणून हे काम टप्प्याटप्प्याने करून थोडे पाणी बदलावे.

दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण असल्याने, मालवणसारख्या किनाऱ्यावरून ते तोडून आणणे हा गुन्हा आहे, आणि घरच्या टाकीची हौस समुद्रातील प्रवाळांच्या जिवावर कदापि भागवली जाऊ नये.