सदाचारी हॅकिंगचे शिक्षण : पाया आणि प्रमाणपत्र
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शिक्षक. या विषयात माझा अधिकार अल्प आहे. परंतु आपल्या शिष्यवृत्ती समितीकडे ‘एथिकल हॅकिंग’च्या वर्गांसाठी साहाय्य मागणारे अर्ज येऊ लागले, म्हणून चौकशी करून जे उमगले ते निवेदन करतो.

हॅकिंग म्हटले की पालकांच्या मनात चोरीच येते. परंतु घरधन्याने जाणकारास बोलावून, “चोर हे दार कसे उघडील ते दाखव,” असे सांगावे, तसे हे काम आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये संगणकात शिरलेल्या चोरांनी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. अशा वेळी या विद्येची थोरवी पटते. मात्र धन्याच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये भरपाई द्यावी लागते, आणि हेतू अप्रामाणिक असल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास घडू शकतो. विद्या तीच, भेद संमतीचा.

आता प्रमाणपत्राविषयी. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी शेत गहाण टाकून ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या एका वर्गाचे शुल्क भरले. त्यांनी मला विचारले होते. “प्रमाणपत्र मिळते ना, मग घाला,” असे मीच म्हणालो. प्रमाणपत्र मिळाले. मुलाखतीत, एका संगणकाचा निरोप दुसऱ्याकडे कसा पोहोचतो, एवढेच विचारले. मुलगा निरुत्तर झाला. त्याने गाईड पाठ केले होते. पायावाचून कळस चढविण्याच्या त्या दोषात माझाही वाटा आहे.

प्रमाणपत्र निरर्थक नव्हे. नोकरीच्या पहिल्या चाळणीत ते उपयोगी पडते. परंतु परीक्षा-परीक्षांत अंतर असते. ‘सीईएच’च्या लेखी परीक्षेत ४ तासांत १२५ पर्यायी प्रश्न असतात, पुढच्या पायरीच्या ‘ओएससीपी’त जवळजवळ २४ तास प्रत्यक्ष यंत्रांशी झुंजावे लागते. तेथे पाठांतर चालत नाही.

म्हणून पालकांस माझी विनंती : प्रथम नेटवर्क, लिनक्स आणि थोडे प्रोग्रामिंग शिकू द्या. आय. आय. टी. खरगपूरच्या प्राध्यापकांची या विषयावरील १२ आठवड्यांची व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य ऐकता येतात. मुलाची गोडी टिकली, तरच परीक्षेचे शुल्क भरा. समितीनेही साहाय्य द्यावे ते याच क्रमाने.

तो विद्यार्थी आता दिवसा दुकानात राबतो आणि रात्री पायापासून शिकतो. त्याचे शेत सुटावे, आणि दुसऱ्या कोणाचे गहाण पडू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.