टाचेमागची शीर



माऊली, आज निरूपण नाही, आज पोटरीवर बोलायचंय. हसू नका. दिवेघाटात कडेला बसून टाच दाबणारे वारकरी आपण दरसाल बघतो. गुडघा बरा, दम बरा, दुखते ती टाचेमागची जाड शीर. अंगातली सगळ्यांत जाड नि बळकट शीर हीच, आणि तिच्यापायी वाखरीचं रिंगण बघायचं राहून जातं.

ज्यांनी मोट हाकलीय त्यांना लगेच कळेल. पोटरी म्हणजे बैल, शीर म्हणजे नाडा. बैल दोन. एक स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो, दुसरा खालून. दोघं एकाच नाड्याला जुंपलेले आणि नाडा टाचेच्या हाडाला बांधलेला. स्नायूला रक्त भरपूर, तो लवकर तयार होतो. शिरेला कमी, ती सावकाश बळावते. वर्षभर पारावर बसून जो एकदम आळंदीहून निघतो, त्याचा बैल पळतो नि नाडा उसवतो.

आता व्यायाम. भिंतीला हात टेकून पाय मागं ताणला तर मोकळं वाटतं. गुडघा सरळ असला की वरचा स्नायू ताणतो, वाकवला की खालचा. पण नुसत्या ताणण्यानं शिरेला बळ येत नाही. बळ येतं वजन पेलल्यानं.

स्वीडनच्या आल्फ्रेडसन नावाच्या डॉक्टरांनी १९९८ साली एक रीत छापली. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, चांगल्या पायानं वर चढायचं आणि दुखऱ्या पायावर हळूहळू टाच खाली सोडायची. गाडीवरनं भरलेलं पोतं आपण आवरून उतरवतो ना, तसं. १५ वेळा, असे ३ फेरे गुडघा सरळ ठेवून, ३ वाकवून. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. पुढं डेन्मार्कमध्ये पाहिलं, तर जड वजन घेऊन सावकाश वर-खाली केलं, आठवड्यातून ३ वेळाच, तरी तेवढाच गुण आला. शेतकऱ्याला हे सोयीचं, असं माझं मत.

करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ठणकलं तर फेरे कमी करा. दुखणं अगदी हाडापाशी असेल त्यानं पायरी घेऊ नये, टाच जमिनीपर्यंतच आणावी.

आणि चालताना मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटलं, चवड्यावर उभं राहवेना, तर मालीश करू नका. शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गुढीपाडवा ते प्रस्थान, अधिक मास नसला तर जवळजवळ १२ आठवडेच भरतात. पाडव्याला हरिपाठ झाला की देवळाच्या पायऱ्यांवर या. मृदंग मी आणतो, ठेक्यावर टाचा सोडू. ठेका मात्र विलंबित, बरं का!