कृतिसंशोधन : आपल्या वर्गापुरते
(नौबाद येथे शिक्षकांसमोर केलेले भाषण)



कृतिसंशोधन म्हटले की आपल्यापैकी अनेकांना बाइंडिंग केलेला अहवाल आठवतो. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी आणि शेवटी गुण वाढलेलेच. गुण वाढले नाहीत असे सांगणारा एखादा अहवाल मिळाला, तर मी तो आधी वाचीन.

कर्ट लेविन यांचा या पद्धतीवरचा निबंध १९४६चा, तोही अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरचा. स्टीफन कोरी यांनी १९५३च्या पुस्तकात ती शाळेशी जोडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मात्र १९४५पासून बोर्डीला हेच करीत होत्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. पुढे कोसबादच्या टेकडीवर वारली मुले गुरांमागे आणि धाकट्या भावंडांत अडकलेली दिसली. मग शिक्षक कुरणात गेले; पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. हजेरीपटावर 'गैरहजर' लिहून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी विचारले, शाळा कुठे आणि केव्हा भरली तर हे मूल येऊ शकेल?

आपल्या सीमाभागातला प्रश्न निराळा आहे. मराठी वर्गात कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या दखनी, कुणाच्या लमाणी. मूल 'झाड पडला' लिहिते आणि आपण लाल रेघ मारतो. पण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू साऱ्या नपुंसकलिंगी. त्या मुलाला भाकरी स्त्रीलिंगी हेही नवेच. दखनीत नपुंसकलिंगच नाही. तिथले मूल भाकरीला चुकणार नाही, झाडाला चुकेल. चूक एक, कारणे दोन. सगळ्यांना सरसकट लिंगाचा तक्ता पाठ करायला लावून काय साधणार?

म्हणून महिनाभर वह्यांतल्या चुका वेगळ्या मांडा : लिंगाच्या किती, ऱ्हस्व-दीर्घाच्या किती, घरची भाषा कोणती. मग एकच उपाय धरा. माझ्या मते नाम सुटे देऊ नये. 'मोठं झाड', 'वाकडी फांदी' असे विशेषणासकट बोलून घ्यावे. महिन्याने मुलांनी आपणहून लिहिलेला मजकूर तपासा. पेपरात मूल सावध असते, त्यावर विसंबू नका. मुगाच्या शेंगा तोडायच्या दिवसांत काही मुले शेतात असतील, तर तशी नोंद ठेवा. नाही तर उपायाचे अपयश आणि गैरहजेरी यांची गल्लत होईल.

आणि या नोंदी शेजारच्या कन्नड शाळेतल्या गुरुजींनाही दाखवा. त्यांच्याकडे मराठी घरची मुले कुठे अडतात, तेही विचारून घ्या.