इस्तंबूलमध्ये एकट्याने आठ दिवस
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वधूवर सूचक समितीचा अहवाल आणि विद्यार्थ्यांचा गुणगौरव यांच्या दरम्यान जो अर्धा तास उरतो, तो यंदा चिटणीसांनी माझ्या स्वाधीन केला आहे. विषयही त्यांनीच नेमून दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी एकटाच इस्तंबूलला जाऊन आलो, ही वार्ता आपल्या मंडळींत पसरली तेव्हा "तेथे काय पाहिले?" असे विचारणारे थोडे भेटले, "एकटेच कसे गेलात?" असे विचारणारे पुष्कळ. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात बाळगणाऱ्या माणसाने परमुलखात एकट्याने हिंडावे की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या उभा राहणार आहे. मुले परदेशी आहेत, सोबतीची माणसे एकेक करून कमी होत आहेत, आणि पाय तर अजून चालत आहेत. म्हणून काय पाहिले ते सांगताना काय काय ओढवले तेही सांगणे मला भाग आहे.

शंभर-सवाशे वर्षांपूर्वी अशा सभेपुढे परदेशगमनाचा विषय निघता, तर तो प्रायश्चित्ताच्या संदर्भातच निघता. बंगालमधील सेरामपूर येथे १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी जाहीर सभेत उभे राहून, आपण वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस का जात आहोत आणि पतीवाचून का जात आहोत, याची उत्तरे दिली होती. त्या वेळी त्यांचे वय अठराच्या आसपास होते. त्यांच्या धैर्याशी माझ्या सहलीची तुलना करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. समुद्र ओलांडण्याचे भय गेले. आता सोबतीवाचून जाण्याचे भय उरले आहे, एवढेच माझे म्हणणे.

या दुसऱ्या भयाला पहिल्याच दिवशी निमित्त मिळाले. विमानात चढण्याच्या दारापाशी, आत जागा नाही असे सांगून विमान कंपनीच्या माणसांनी माझ्या हातातील लहान पेटी काढून घेतली आणि खालच्या सामानात टाकली. इस्तंबूलला मी उतरलो, पेटी उतरली नाही. गोळ्या तिच्यात होत्या. कागद भरून घेतले गेले, पावती मिळाली, आणि "उद्या किंवा परवा" असे मोघम आश्वासन मिळाले. वार रविवार, वेळ संध्याकाळची. एकही मात्रा चुकवू नये, अशी आमच्या डॉक्टरांची सक्त ताकीद. सुदैवाने त्यांची चिठ्ठी पारपत्रासोबत कोटाच्या खिशात राहिली होती.

तुर्कस्तानात औषधांच्या दुकानाला 'एज्झाने' म्हणतात आणि त्यावर तांबडे 'ई' अक्षर झळकत असते. पहिले दुकान बंद, दुसरेही बंद. दुसऱ्याच्या दारावर एक कागद डकवलेला होता. रात्री व सुट्टीच्या दिवशी त्या त्या भागात आळीपाळीने एखादे दुकान उघडे ठेवावयाचे आणि त्याचा पत्ता इतर दुकानांच्या दारांवर लावावयाचा, अशी तेथे उत्तम व्यवस्था आहे. या पाळीच्या दुकानाला 'न्योबेत्ची एज्झाने' असे नाव आहे. 'न्योबेत' म्हणजे पहारा, पाळी. आपल्या 'नौबत' शब्दाचे हे सख्खे भावंड. हे मला मागाहून समजले. त्या क्षणी माझ्यावर आलेली नौबत वेगळीच होती: पत्ता होता, पण रस्ता ठाऊक नव्हता, आणि भ्रमणध्वनीला तेथील जोडणी अद्याप मिळाली नव्हती.

शेजारी सुक्या मेव्याचे दुकान होते. त्याचे वृद्ध मालक बाहेर आले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, मला तुर्की येत नव्हती. मी चिठ्ठी दाखविली आणि हात छातीवर ठेवला. त्यांनी दारावरचा पत्ता वाचला, शेजारच्या पोराला हाक मारून गल्ला त्याच्या हवाली केला, आणि माझ्याकडे बोट दाखवून त्याला एकच शब्द सांगितला: "मिसाफिर." मला वाटले, हा मुसाफिर आहे असे ते म्हणत आहेत. तसे ते नव्हते. तुर्कीत 'मिसाफिर' म्हणजे पाहुणा. अरबीतला हा शब्द आपल्याकडे आला तो वाटसरूच राहिला. तेथे गेला आणि त्याला घरात घेतले गेले.

वीस मिनिटे चढउतारांच्या गल्ल्यांतून चालून आम्ही त्या दुकानी पोचलो. तेथील तरुण औषधतज्ज्ञ बाईंनी चिठ्ठीवरचे औषधाचे शास्त्रीय नाव वाचले, आधी माझा रक्तदाब मोजला, आणि मग एक पाकीट काढून दिले. औषधाचे व्यापारी नाव देशोदेशी बदलते, शास्त्रीय नाव बदलत नाही. आमच्या डॉक्टरांनी तेच स्वच्छ अक्षरांत लिहिले होते, याबद्दल मी त्यांना मनोमन नमस्कार केला. वृद्ध गृहस्थांना मी काही देऊ पाहिले, तर ते रागावल्यासारखे झाले. त्यांनी मला चहाच्या टपरीवर नेले, तेथल्या चिमटलेल्या कमरेच्या पेल्यातला बिनदुधाचा चहा पाजला, आणि त्याचे पैसेही स्वतःच दिले.

पेटी चौथ्या दिवशी आली. पण त्या रात्रीपासून मला शब्दांचे वेड लागले. मुस्तफा केमाल यांच्या राजवटीत १९२८ साली तुर्की भाषेची अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली, त्यामुळे ओळखीचे शब्द अनोळखी पोशाखात भेटतात. रोमन 'सी'चा उच्चार तेथे 'ज' होतो, आणि त्याच्या पोटाखाली शेपटी काढली की 'च'. एवढी किल्ली हाती आली की पाट्या बोलू लागतात. दुक्कान, साबून, परदे, मेयदान, तारिह, हवा, दुन्या, जेवाप. बरोबर या अर्थी 'बेराबेर'. ओझे वाहणारा तो 'हमाल'च. यांतील बहुतेक शब्द मूळचे अरबी किंवा फारसी. दोन्ही घरी ते एकाच सावकाराकडून आले. परंतु 'तोफ' मात्र अस्सल तुर्की. इस्तंबूलमध्ये 'तोपहाने' नावाची वस्तीच आहे. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, तोफखाना भागात राहिलेल्यांना ते नाव वाचून घरी आल्यासारखे वाटेल. तेथील जुन्या ओतशाळेच्या घुमटांखाली आता कलाप्रदर्शने भरतात. विजापूरच्या बुरुजावरची सुमारे ५५ टन वजनाची 'मुलूखमैदान' तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली. ती ओतणारा महंमद बिन हसन हा 'रूमी', म्हणजे उस्मानी मुलखातला. तोपहानेच्या त्या भिंतीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो.

आता प्रेक्षणीय स्थळांकडे वळतो. सगळी सांगत नाही. ती मार्गदर्शक पुस्तकांत मिळतात.

आयासोफिया ही वास्तू बाहेरून थोराड आणि काहीशी बेढब वाटते. सम्राट जस्टिनियनच्या राज्यात ५३२ साली दंगलीत जुने चर्च जळाले, आणि अवघ्या पाच-सहा वर्षांत, ५३७ साली, हे नवे उभे राहिले. अँथेमियस आणि इसिडोर हे त्याचे रचनाकार. घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर. आपल्या विजापूरच्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे तो मोठा. पण तो अकराशे वर्षांहून अधिक काळानंतरचा. आयासोफियाच्या घुमटाच्या तळाशी चाळीस खिडक्यांचे कडे आहे. त्यांतून उजेड आला की घुमट भिंतींवर टेकलेला वाटत नाही, तरंगत असल्यासारखा वाटतो. हा चमत्कार फुकट मिळाला नाही. ५५८ साली तो कोसळला. मग अधिक उंच, अधिक उभार देऊन पुन्हा बांधला आणि ५६२ साली वास्तूचे पुन्हा लोकार्पण झाले. १४५३ मध्ये चर्चची मशीद झाली, १९३५ मध्ये संग्रहालय म्हणून ती उघडली, २०२० मध्ये पुन्हा मशीद. २०२४ मध्ये परदेशी प्रवाशाला वरच्या सज्जात जाण्यासाठी २५ युरो मोजावे लागत होते. ही रक्कम मला जड वाटली, आणि तरीही ती वाया गेली असे मी म्हणणार नाही. त्या सज्जातील संगमरवरी कठड्यावर उत्तरेकडच्या कोणा भाडोत्री शिपायाने हजारेक वर्षांपूर्वी आपल्या लिपीत आपले नाव कोरून ठेवले आहे. 'हाल्फदान' एवढेच त्यातून वाचता येते. सिंहगडावर बदामाच्या आकृतीत नावे कोरणाऱ्या आपल्या तरुणांवर मी आजवर फार रागावत असे. राग अजूनही आहे, परंतु या शिपायाबद्दल माया वाटली खरी.

जवळच जमिनीखाली जस्टिनियनच्याच काळचा जलसंचय आहे. बारा रांगा, प्रत्येकीत अठ्ठावीस, असे ३३६ खांब, प्रत्येक नऊ मीटर उंच. खांब जुन्या इमारतींतून उचलून आणलेले, म्हणून एकासारखा दुसरा नाही. कोपऱ्यातील दोन खांबांखाली सर्पकेशी मेदुसेची मुंडकी बैठक म्हणून घातली आहेत, एक आडवे, एक उलटे. त्यावर अनेक दंतकथा सांगतात. मला तर गवंड्याला उंची जुळवावयाची होती हेच कारण पटले.

तेथून गालाता पुलाकडे जाताना, पुढे चालणाऱ्या बूटपॉलिशवाल्याच्या पेटीतून ब्रश पडला. तो उचलून देणे हा सभ्यपणा झाला. त्यावर कृतज्ञतेने भारावून जाऊन त्याने माझा पाय आपल्या पेटीवर ठेवून घेतला. माझे बूट कापडी होते! त्याने ते कापड पाण्याने पुसले, फुंकर मारली, मुलाबाळांची कर्मकथा सांगितली आणि भरमसाट दाम मागितले. ब्रश पाडण्याची ही युक्ती तेथे जुनी आहे. थोडे पैसे देऊन मी सुटलो. त्याच्या अभिनयाला तेवढे तिकीट योग्यच होते.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. मसुरीचे 'मेर्जिमेक' सूप जागोजाग मिळते आणि ते आपल्या आमटीची आठवण देते. तिळाचे गोल 'सिमित' तर रस्तोरस्ती. मात्र 'एतसिझ', म्हणजे मांसावाचून, एवढेच सांगून भागत नाही. पुष्कळांच्या लेखी कोंबडी ही 'एत'मध्ये मोडत नाही. मला मांसावाचूनचा पुलाव म्हणून कोंबडीचा पुलाव अत्यंत प्रेमाने वाढण्यात आला. तितक्याच प्रेमाने तो परत नेऊन वाढणाऱ्याने दुसरे ताट आणले.

सहाव्या दिवशी मी बॉस्फरस ओलांडून आशिया खंडाच्या बाजूला, कादिकोयला, गेलो. दुपारी 'लोदोस' सुटला. हा दक्षिणेकडून येणारा उष्ण, मस्तवाल वारा. तो सुटला की समुद्र खवळतो आणि बोटी बंद होतात. धक्क्यावर पाटी लागली, हजारो माणसे मागे फिरली. माझे बिऱ्हाड युरोपात आणि मी आशियात! कोणाच्या मागे जावे हे न कळून मी सरळ गर्दीच्या मागे गेलो. आमच्या मुंबईच्या गर्दीने एवढे शिकविले आहे की गर्दीला बहुधा वाट ठाऊक असते. तिने मला 'आयरिलिक चेशमेसी' या स्थानकावर नेले. या नावाचा अर्थ ताटातुटीचा झरा. यात्रेला निघणाऱ्या काफिल्यांना व मोहिमेवर जाणाऱ्या सैन्याला पूर्वी येथे निरोप देत.

तेथून 'मार्मराय' ही रेल्वे समुद्राच्या तळाखालून जाते. कल्पना १८६० सालची. प्रत्यक्ष गाडी धावली २०१३ मध्ये. सुमारे १.४ किलोमीटर लांबीची नळी तुकड्या-तुकड्यांनी समुद्रात बुडवून, तळाशी जोडून, तो मार्ग केला. सर्वांत खोल जागा पाण्याच्या पातळीखाली सुमारे ६० मीटर. काम कित्येक वर्षे लांबले, कारण येनिकापी येथे खणताना जुने बंदरच सापडले आणि त्यात ३७ जहाजांचे अवशेष. रेल्वेची घाई बाजूला ठेवून ती लाकडे एकेक करून उचलली गेली. आपल्याकडे मेट्रोच्या खड्ड्यात असे काही निघाले तर काय होईल, याचा विचार श्रोत्यांनी स्वतःच करावा. गाडीत उभे राहण्यापुरतीही जागा नव्हती. तरी माझे पिकले केस पाहून एका शाळकरी मुलीने उठून मला जागा दिली. उस्कुदारहून सुटलेली गाडी चारेक मिनिटांत सिर्केजीला, म्हणजे युरोपात. डोक्यावर वादळ होते. डब्यात त्याचा मागमूस नव्हता.

वेळ झाल्याची चिठ्ठी चिटणीसांनी पाठविली आहे. विद्यार्थी ताटकळले आहेत. प्रवासखर्चाचा तपशील, चिठ्ठीचा नमुना, आणि उपयोगी पडणाऱ्या चाळीस तुर्की शब्दांची देवनागरी यादी मी संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्या वडीलधाऱ्यांना जावयाचे असेल त्यांनी ती घेऊन जावी, आणि घरच्यांनी हरकत घेतल्यास त्यांना माझ्याकडे पाठवावे. आपली रजा घेतो.