नाव देणे आणि नावे ठेवणे



सुगीच्या दिवसांत सकाळपासून राबलेला गडी रात्री भाकरी खाऊन अंग टाकतो आणि पहाटे ताजातवाना उठतो. अशा थकव्याला झोप हेच औषध. पण एक आजार असा आहे, की त्यातला रोगी रात्रभर झोपूनही शिणलेलाच उठतो. आज विहिरीवरून चार कळशा पाणी आणले, तर उद्या-परवा त्याला अंथरूण सोडवत नाही. एरवीच्या तपासण्यांत काही सापडत नाही. मग घरचेच म्हणू लागतात, "हा अंगचोर झाला!" मंडळी, वैद्यकाने रोगाला धड नाव दिले नाही, की लोक रोग्याला नावे ठेवतात. या आजाराच्या नावाची हकीकत म्हणूनच ऐकण्यासारखी आहे.

१९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात एक विचित्र साथ आली. तेथले डॉक्टर, परिचारिका आणि इतर नोकरवर्ग मिळून २९२ जण आजारी पडले. इस्पितळ काही काळ बंद ठेवावे लागले. पुढल्या वर्षी अशा आजाराला एक लांबलचक नाव सुचवण्यात आले, 'मायाल्जिक एन्सिफॅलोमायलायटिस'. म्हणजे स्नायूंच्या वेदनांसह मेंदू व मज्जारज्जू यांचा दाह. कोणी दगावले नाही म्हणून त्यामागे 'सौम्य' असे विशेषणही लावले होते. पण वर्षानुवर्षे खाटेला खिळलेल्या माणसाचा आजार सौम्य कसला? ते विशेषण पुढे गळून पडले. मेंदूचा दाह सर्व रोग्यांत दाखवता येईना, ही अडचण मात्र राहिली.

१९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या साथीची जुनी कागदपत्रे वाचली आणि रोग्यांना न तपासताच तो सामूहिक उन्माद होता असे लिहिले. झाले! 'हे सगळे मनाचे खेळ' हा शिक्का बसला.

१९८८ साली अमेरिकेत नवे नाव आले, 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम', म्हणजे दीर्घकाळच्या थकव्याचा लक्षणसमूह. हे नाव सोपे खरे, पण थकवा कोणाला येत नाही? ऐकणारा म्हणे, "मीही थकतो, मी का झोपून राहतो?" २०१५ साली तेथल्याच एका तज्ज्ञसमितीने तिसरे नाव सुचवले. त्याचा आशय असा, की साऱ्या शरीराला श्रम न सोसण्याचा हा रोग आहे. खरी खूण या नावात आली, कारण श्रमानंतर प्रकृती ढासळणे हेच या आजाराचे मुख्य लक्षण. तरीही हे नाव रुळले नाही. आज बहुधा पहिली दोन नावे जोडूनच लिहितात.

नावाची ही चूक रोग्याच्या अंगावर येते. 'नुसता थकवा' म्हटले, की 'थोडा व्यायाम वाढव' हा सल्ला आलाच. २०२१ साली ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतून ठरावीक मात्रेने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार काढून टाकण्यात आला.

आपणही महारोग हा शब्द टाकून कुष्ठरोग म्हणू लागलो. शब्द बदलला हे चांगलेच झाले. पण रोग्याला शेजारी बसवून घेण्यासाठी मनही बदलावे लागले.

तेव्हा आपण काय करावे? थकवा हटत नसेल तर आधी डॉक्टरांकडे जावे. रक्तक्षय, क्षय, मधुमेह, थायरॉइडचे विकार यांतही माणूस गळून जातो, आणि त्यांवर उपचार आहेत. ते नाहीत असे ठरले आणि थकवा सहा महिन्यांहून अधिक टिकला, झोपेने शीण जात नाही, श्रमांनंतर प्रकृती अधिकच बिघडते, असे दिसले, तर डॉक्टरांना या आजाराविषयी स्पष्ट विचारावे. नक्की निदान करणारी एकच अशी चाचणी अजून नाही, हमखास औषधही नाही. बळ पाहून कामाचे तुकडे पाडणे आणि थकण्याआधीच विसावा घेणे, एवढे हाती आहे.

गुरुजनांना एक विनंती. सोमवारी कवायतीत हसतखेळत असलेला मुलगा मंगळवारी गैरहजर राहिला, आणि असे वारंवार घडू लागले, तर छडीआधी प्रश्न हाती घ्यावा: "बाळ, काल खेळल्यानंतर तुला कसे वाटले?" उत्तर पुरते ऐकून घ्यावे आणि पालकांना कळवावे.

रोगाचे नाव शहाण्यांना ठरवू द्या. तोवर रोग्याला नावे न ठेवणे आपल्या हाती आहे.