ताक औषधाच्या सोबतीला, औषधाच्या जागी नाही

कापसाची वेचणी सुरू झाली की गटाच्या बैठकीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘कंबर धरली, गोळी घेतली’ आणि ‘पोटात आग पडली, ताक प्यायले’. या दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे.

जठराच्या आतल्या अस्तराला जखम झाली की तिला अल्सर म्हणतात. तो तिखटानं, काळजीनं होतो असं पूर्वी डॉक्टरही मानायचे. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना जठरात राहणारा एक जिवाणू सापडला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन पाहिला आणि पोटाला सूज आणून घेतली! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

अल्सरचं दुसरं मोठं कारण आपल्या पदरालाच बांधलेलं असतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या दुखण्याच्या गोळ्या. त्या रोज घेतल्या की अस्तराचं संरक्षण कमी होतं. वर मिसरी, तंबाखू असेल तर जखम भरायलाही वेळ लागतो.

मग ताकाचं काय? दह्या-ताकात चांगले जिवाणू असतात, हे खरं. पण ताकानं पायलोरी मरत नाही. त्याला डॉक्टरांनी दिलेली दोन-तीन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी लागते, बहुधा चौदा दिवस. या औषधांनी जुलाब, मळमळ होते आणि बाया चौथ्या दिवशीच गोळ्या सोडतात. तिथं प्रोबायोटिकचा उपयोग होतो. त्रास कमी झाला की कोर्स पुरा होतो. मात्र अभ्यास झालेत ते ठरावीक जिवाणूंच्या कॅप्सूलवर, घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत हे कुणी मोजलेलं नसतं. कढी उकळली तर तेही मरतात. शिवाय काही गोळ्यांसोबत दूध-दही चालत नाही, म्हणून किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

एक गोष्ट फार महत्त्वाची. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्यामुळे आपण काळ्या रंगाकडे लक्षच देत नाही. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची शौच झाली, रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी झाली, चक्कर आली, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा ताक, सोडा, ओवा काही करत बसू नका. वेचणी टाकून त्याच वेळी दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. आणि पोट महिनाभर जळत असेल तर आशाताईंना सांगा, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन जा.